भिशीची वही आणि थरथरणारा हात : औषधांमुळे होणाऱ्या हालचालींच्या विकारांचे निदान

माझी आत्या मिरजेला राहते. वय ७१. गेली तीसएक वर्षे ती गल्लीतल्या बायकांची भिशी चालवते आणि तिचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहिते. दर महिन्याला एक पान, पानावर चौदा-पंधरा नावे, नावापुढे रक्कम आणि तारीख. अक्षर टपोरे, जुन्या शाळेतल्या शिक्षिकेसारखे.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उपासांनंतर तिला पित्ताचा त्रास सुरू झाला. पोट फुगायचे, ढेकर यायचे. जवळच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल दिली. बरे वाटले. बरे वाटले म्हणून ती चालू राहिली. चिठ्ठी पंधरा दिवसांची होती, पण औषधाच्या दुकानातला मुलगा रिकामी पट्टी पाहून नवी देत असे, त्यामुळे पुन्हा डॉक्टरांकडे जायची गरज कुणाला वाटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आईंचं काय बिनसलंय कळत नाही. बोलत नाहीत, हसत नाहीत, सतत तोंड फुगवून बसलेल्या." नातवंडेही तिच्यापासून लांब राहू लागली होती. आत्या रुसली आहे, असेच घरात सगळ्यांनी धरले होते. चालताना ती पाय घासत होती आणि वळताना चार-पाच बारीक पावले टाकत होती. पुढे हात थरथरू लागला, तेव्हा तपासणी झाली आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असे निदान झाले. त्यावरची लेव्होडोपाची गोळी सुरू झाली. त्या गोळीने मळमळ होऊ लागली, म्हणून मळमळीची आणखी एक गोळी आली. त्यानंतर तिला उठून बसायलाही हात द्यावा लागू लागला.

मी डॉक्टर नाही. सांगलीत औषधांच्या एका घाऊक दुकानात सत्तावीस वर्षे हिशेब लिहितो आहे. हजारो औषधांची नावे मला पाठ आहेत, पण ती पोटात गेल्यावर काय करतात हे बरीच वर्षे मला ठाऊक नव्हते. आत्याच्या औषधांची पिशवी उघडली तेव्हा पित्ताच्या कॅप्सूलवर दोन नावे दिसली. एक आम्ल कमी करणारे, दुसरे 'लेव्होसल्पिराइड'. दुसऱ्याची खोकी मी वर्षानुवर्षे मोजत आलो होतो. त्या रात्री त्याचे माहितीपत्रक पहिल्यांदाच वाचले. तिथून सुरू झालेल्या वाचनाचा हा लेख म्हणजे गोषवारा आहे.

पत्र, पोस्टमन आणि पेटी

आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, हसतो, यातले बरेचसे काम विचार न करता होते. हालचाल किती मोठी, किती वेगाची, कुठे थांबायची, याची जुळणी मेंदूच्या तळाशी असलेल्या काही केंद्रकांत होते. तिथे निरोप पोचवणाऱ्या रसायनांपैकी एक महत्त्वाचे रसायन म्हणजे डोपामिन.

डोपामिनला पत्र समजू. ते पाठवणारी पेशी म्हणजे पोस्टमन आणि ते स्वीकारणारा पेशीवरचा ग्राही म्हणजे दारावरची पेटी. कंपवाताच्या आजारात पोस्टमनच हळूहळू मरतात. निम्म्याहून अधिक गेले की लक्षणे दिसू लागतात. हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, अक्षर बारीक होते.

पण पत्र पोचू नये यासाठी पोस्टमन मरावाच लागतो असे नाही. काही औषधे पेटीला कुलूप लावतात. पोस्टमन धडधाकट आहे, पत्रेही वेळेवर निघाली आहेत, पण पेटी बंद. काही औषधे पोस्टमनची पिशवीच फाडतात आणि पत्रे वाटेत गळून जातात. घरातल्या माणसाच्या दृष्टीने तिन्हींचा परिणाम एकच, पत्र आले नाही. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही रुग्ण सारखे दिसतात. निदानाची सगळी अडचण इथे आहे, आणि निदानाची किल्लीही इथेच आहे.

सर्पगंधेपासून सुरू झालेली गोष्ट

या ज्ञानाचा एक धागा आपल्या मातीतून निघतो. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग होतो, असे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी आपल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पीन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना या कामासाठी अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पीन दिले. ससे निपचित पडले, कान लोंबू लागले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले, तर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. रिसर्पीन पोस्टमनची पिशवी फाडते आणि डोपामिन संपवते. लेव्होडोपापासून मेंदू नवे डोपामिन बनवतो. कंपवातावरच्या आजच्या उपचाराचा पाया या प्रयोगातून घातला गेला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. म्हणजे कंपवाताचे औषध सापडले ते औषधाने घडवलेल्या कंपवातामुळे. सशांमध्ये जे दिसले ते माणसांत आधीच दिसू लागले होते.

दुसरा धागा पॅरिसचा. १९५० च्या अखेरीस रोन-पूलांक कंपनीत क्लोरप्रोमाझीन तयार झाले. १९५२ मध्ये सेंत-आन रुग्णालयात ज्याँ देले आणि पिएर देनिके यांनी ते मनोरुग्णांना दिले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे शांत होऊन बोलू लागली. या औषधाचे उपकार मोठे आहेत, ते विसरून पुढचे वाचू नये. मात्र १९५४ मध्ये लोझानचे हान्स स्टेक यांनी नोंदवले की क्लोरप्रोमाझीन आणि रिसर्पीन घेणाऱ्या रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसतात.

त्या काळात काही डॉक्टर या ताठरपणाला औषध लागू पडल्याची खूण मानत. हान्स-योआखिम हासे या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने तर हस्ताक्षराची चाचणीच काढली. रुग्णाकडून ठरावीक मजकूर लिहून घ्यायचा आणि अक्षर बारीक होईपर्यंत मात्रा वाढवायची. तिथवर आलो की मात्रा पुरेशी झाली, असे त्यांचे म्हणणे. पुढे मेंदूची चित्रे घेता येऊ लागली तेव्हा हिशेब स्पष्ट झाला. साधारण ६५ टक्के पेट्या बंद झाल्या की मनोविकारावर गुण येऊ लागतो आणि सुमारे ८० टक्क्यांपलीकडे गेले की शरीर ताठरू लागते. दोन रेषांमध्ये जागा आहे, पण ती अरुंद आहे. हासे यांच्याबद्दल वाचताना मला आत्याची भिशीची वही आठवली. ते पुढे येईल.

चार चेहरे, चार वेळापत्रके

औषधांमुळे होणारे हालचालींचे विकार अनेक आहेत. त्यांतले चार मुख्य, आणि प्रत्येकाची यायची वेळ वेगळी.

पहिला तासांत किंवा दिवसांत येतो. त्याला तीव्र डिस्टोनिया म्हणतात. मान एका बाजूला पिळते, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात. उलटी थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझीन दिलेल्या मुलांत आणि तरुणींत हा प्रकार अधिक दिसतो. घरचे लोक घाबरतात. कुणी फिट म्हणते, कुणी धनुर्वात, कुणी अंगात आले म्हणते. मूल शुद्धीवर असते, त्याला सगळे कळत असते, दुखतही असते. प्रोमेथाझीनसारखे इंजेक्शन दिले की बहुतेक वेळा थोड्याच अवधीत मान सरळ होते. इतका झटपट गुण येणे हाच निदानाला दुजोरा असतो.

दुसरा दिवसांत किंवा आठवड्यांत येतो. त्याचे नाव अकाथिसिया, म्हणजे बसवत नाही अशी अवस्था. हे नाव प्रागच्या लादिस्लाव हाश्कोवेच यांनी १९०१ मध्ये दिले, या औषधांच्या कितीतरी आधी. रुग्ण बसतो, उठतो, येरझारा घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. आत काहीतरी वळवळते आहे असे सांगतो. इथली चूक सर्वांत महागात पडते. डॉक्टरांना आणि घरच्यांना वाटते की मूळचा मनोविकार बळावला, म्हणून त्याच औषधाची मात्रा वाढवली जाते आणि अस्वस्थता आणखी वाढते. विचारायचा प्रश्न साधा आहे : "मनात घालमेल होते की पायांना स्वस्थ बसवत नाही?" बरेच रुग्ण याचे नेमके उत्तर देतात.

तिसरा आठवड्यांत किंवा महिन्यांत येतो, तो औषधजन्य कंपवात. बहुतेक रुग्णांत औषध सुरू झाल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो दिसू लागतो. आत्याचा प्रकार हा.

चौथा सर्वांत उशिरा येतो, महिन्यांनी किंवा वर्षांनी. डेन्मार्कच्या फॉरबी यांनी १९६४ मध्ये त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हटले, म्हणजे उशिरा येणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली. ओठ चुटपुटतात, जीभ आत वळवळते, तोंड काहीतरी चघळत असल्यासारखे हलत राहते, बोटे पियानो वाजवल्यासारखी हलतात. निदानासाठी निदान तीन महिने औषध घेतलेले असावे लागते. साठीपुढच्या माणसाला मात्र एक महिनाही पुरतो. दीर्घकाळ मनोविकारविरोधी औषधे घेणाऱ्यांच्या पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये झाले, त्यात सरासरी चौघांपैकी एकाला हा विकार आढळला. जुन्या औषधांवर प्रमाण ३० टक्के आणि नव्यांवर सुमारे २१ टक्के होते.

या चौघांशिवाय एक पाचवा आहे, क्वचित येणारा पण जिवावर बेतणारा. जोराचा ताप, लोखंडासारखे ताठ अंग, घाम आणि बरळणे ही लक्षणे अशा औषधावरच्या माणसात एकत्र दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

साध्या वाटणाऱ्या गोळ्या

ही सगळी भीती मनोविकाराच्या औषधांपुरती असती तर गोष्ट सोपी होती. तिथे निदान डॉक्टर सावध असतात. पेटीला कुलूप लावणारी औषधे मात्र वेगवेगळ्या नावांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसली आहेत. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड. चक्कर आणि उलटीसाठी प्रोक्लोरपेराझीन, जे क्लोरप्रोमाझीनच्याच कुळातले. चक्करेसाठी सिनारिझीन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझीन. पोटफुगी आणि पित्तासाठी लेव्होसल्पिराइड. हे शेवटचे सल्पिराइड या मनोविकारावरच्या औषधाचेच रूप आहे. अमेरिकेत त्याला विक्रीची परवानगी नाही. आपल्याकडे ते आम्लरोधकाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळते आणि लोक त्याला पित्ताची गोळी म्हणून ओळखतात. उलटीवरचे डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून या बाबतीत ते तुलनेने सुरक्षित.

थरथर तेवढी करणारी औषधे आणखी वेगळी. दम्यावरचे साल्ब्युटामॉल, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मनोविकारातले लिथियम, जास्त झालेले थायरॉइडचे औषध. यांची थरथर हात पुढे धरला किंवा कप उचलला की दिसते. कंपवाताची थरथर हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना दिसते. व्हॅल्प्रोएटचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. ते कधीकधी वर्षानुवर्षे घेतल्यावर पूर्ण कंपवातासारखे चित्र उभे करते, त्यामुळे तिथे तीन महिन्यांचा आडाखा चालत नाही.

औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देण्याची साखळी कशी तयार होते, याचा एक अभ्यास १९९५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात झाला. सरकारी आरोग्य योजनेतल्या ६५ वर्षांवरील रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्यांना कंपवातावरचे औषध सुरू होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. बारा आठवड्यांपेक्षा जास्त काळ ते देणे शक्यतो टाळावे, असे त्यात सांगितले आहे. आत्याच्या बाबतीत साखळीला एक कडी जास्त होती. लेव्होडोपाने झालेल्या मळमळीवर तिला मेटोक्लोप्रमाइडच दिले गेले होते. कंपवाताच्या रुग्णाला जे टाळायचे तेच नेमके.

निदान कसे होते

या विकारांसाठी रक्ताची तपासणी नाही. निदान होते ते विचारण्यातून, पाहण्यातून आणि वाट पाहण्यातून.

विचारण्याची पहिली पायरी म्हणजे औषधांची पूर्ण यादी. "काय औषधं घेता?" असे विचारले की माणसे बीपी-शुगरची नावे सांगतात. पित्ताची, चक्करेची, झोपेची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. म्हणून तज्ज्ञ पिशवी घेऊन या म्हणतात. सध्याची औषधे तर हवीतच, गेल्या सहा-आठ महिन्यांत घेऊन बंद केलेलीही हवीत, कारण त्यांचा परिणाम रेंगाळतो. एका कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधे असतात, त्यामुळे पट्टीवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात असलेली नावे वाचावी लागतात.

दुसरी पायरी क्रम लावण्याची. आधी काय आले, गोळी की लक्षण? औषध आणि दुष्परिणाम यांचे नाते तोलण्यासाठी १९८१ पासून वापरात असलेली नारांहो यांची दहा प्रश्नांची मोजपट्टी आहे. तिच्यातले मुख्य प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला सुचतील असेच आहेत. औषधानंतर त्रास झाला का? थांबवल्यावर कमी झाला का? पुन्हा दिल्यावर परत आला का? त्रासाला दुसरे काही कारण असू शकते का?

तिसरी पायरी पाहण्याची. खऱ्या कंपवाताची सुरुवात बहुधा एका बाजूने होते. औषधजन्य प्रकार दोन्ही बाजूंना सारखा असण्याकडे झुकतो आणि त्यात थरथरीपेक्षा मंदपणा व ताठरपणा जास्त असतो. तरी एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण औषधाच्या कित्येक रुग्णांत एक बाजू जास्त धरलेली असते. म्हणून इतर खुणा शोधतात. खऱ्या आजारात हालचाल बिघडण्याच्या कित्येक वर्षे आधी वास येणे कमी होते, बद्धकोष्ठ होते, माणूस झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडतो. फोडणीचा वास येतो का, हा प्रश्न अशा वेळी मेंदूच्या आजाराचा प्रश्न असतो. रुग्ण तरुण असेल तर तांबे साठून होणारा विल्सनचा आजार आधी वगळावा लागतो.

टार्डिव्ह प्रकारासाठी १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेली तपासणी जगभर वापरतात. ती शिकण्यासारखी आहे. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतानाच, त्याच्या नकळत त्याला पाहून घ्यायचे. तोंडात सुपारी, गोळी काही आहे का विचारायचे. दात किंवा कवळी कशी आहे ते विचारायचे, कारण दात नसलेली म्हातारी माणसे औषधाशिवायही तोंड हलवत असतात. मग हात गुडघ्यांवर ठेवून बसायला सांगायचे. तोंड उघडून जीभ आत स्वस्थ राहते का ते पाहायचे, नंतर जीभ बाहेर काढायला सांगायचे. अंगठ्याने एकेका बोटाला भराभर टेकवायला सांगायचे आणि त्या वेळी आपण बोटांकडे न पाहता चेहऱ्याकडे आणि पायांकडे पाहायचे. लक्ष बोटांत गुंतले की दडलेली हालचाल दुसरीकडे प्रकट होते. शेवटी उभे करून चालवायचे. पाच-दहा मिनिटांत होणारे हे काम आहे आणि त्याला खर्च काहीच नाही.

तरीही इथे घाई चालत नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतल्या विचित्र हालचालींचे वर्णन क्रेपेलिन यांनी ही औषधे येण्यापूर्वीच केले होते. १९९६ मध्ये तामिळनाडूत, चेन्नईच्या परिसरात, कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यातही काहींना अशा हालचाली होत्या. म्हणजे प्रत्येक हालचालीचा दोष गोळीला देणेही चूक. म्हणूनच औषध सुरू करण्याआधी एकदा तपासून नोंद करून ठेवावी, असे जाणते डॉक्टर सांगतात. आधीची नोंद नसेल तर नंतरची तुलना कशाशी करणार?

चौथी पायरी चित्राची. मेंदूचे साधे एमआरआय इथे फारसे सांगत नाही. डोपामिनच्या पेशींच्या टोकांवरची वाहक प्रथिने दाखवणारे एक विशेष स्कॅन असते, त्याचा एक प्रकार आपल्याकडे ट्रोडॅट नावाने मोठ्या शहरांत होतो. आपल्या उपमेत सांगायचे तर हे स्कॅन पोस्टमन मोजते. पेटीला नुसते कुलूप असेल तर स्कॅन बहुधा निरोगी येते. पोस्टमन मेले असतील तर ते मलूल दिसते. दोन्ही निदानांत खरोखरच गोंधळ असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो.

पाचवी पायरी वाट पाहण्याची. संशयित औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवायचे किंवा बदलायचे आणि थांबायचे. औषधजन्य कंपवात बहुतेकांत काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत ओसरतो. काहींत ओसरत नाही, किंवा ओसरून पुन्हा येतो. अशा रुग्णांत खरा आजार आधीपासून दबा धरून बसलेला असतो आणि गोळीने त्याला फक्त वेळेआधी उघडे पाडलेले असते.

कमी केले की वाढते

टार्डिव्ह प्रकार या सगळ्यात उलटा वागतो. पेट्या वर्षानुवर्षे बंद राहिल्या तर घरातला माणूस आणखी पेट्या लावतो, असलेल्या जास्त संवेदनशील करतो. निदान रूढ मत तसे आहे, त्याने सगळेच उलगडते असे नाही. त्यामुळे औषध कमी केले की हालचाली आधी वाढतात आणि मात्रा वाढवली की काही काळ झाकल्या जातात. घरच्यांना वाटते, मात्रा वाढवणे हेच औषध. कंपवातासारख्या लक्षणांवर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी इथे हालचाली वाढवू शकते. म्हणजे एकाच औषधाने झालेल्या दोन विकारांवर एकच उतारा चालत नाही. आपल्यासमोर दोघांपैकी कोणता विकार आहे हे ओळखणे म्हणूनच इतके महत्त्वाचे.

२०१७ मध्ये या विकारासाठी दोन औषधांना अमेरिकेत प्रथमच मान्यता मिळाली, व्हॅल्बेनाझीन आणि ड्युटेट्राबेनाझीन. ती पोस्टमनच्या पिशवीत भरली जाणारी पत्रे बेताने कमी करतात. रिसर्पीन जिथे घाव घालते त्याच ठिकाणी, पण हलक्या हाताने. साठ वर्षांपूर्वी सर्पगंधेने दाखवलेली वाट औषधाने झालेल्या विकाराच्या उपचारापर्यंत अशी येऊन पोचली.

वही काय म्हणाली

आत्याला आम्ही दुसऱ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नेमकं कधी सुरू झालं?" घरातल्या चौघांनी चार उत्तरे दिली. आत्या म्हणाली, "मला कुठं कळलं? तुम्हीच म्हणत होता मी रुसले म्हणून." वहिनींनी मान खाली घातली.

मी भिशीची वही बरोबर नेली होती, तारखांसाठी. पाने उलटताना उत्तर समोर होते. ऑगस्टचे पान टपोरे. कॅप्सूलचे पहिले बिल १२ सप्टेंबरचे. ऑक्टोबरचे अक्षर तसेच. नोव्हेंबरच्या पानावर वरची नावे नेहमीसारखी आणि खालची बारीक होत गेलेली. जानेवारीच्या पानावर पंधरा नावे अर्ध्या पानात मावली होती. डॉक्टरांनी वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाले, "स्कॅन नंतर बघू. आधी या दोन गोळ्या बंद."

लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड त्याच दिवशी थांबली. लेव्होडोपा त्यांनी टप्प्याटप्प्याने उतरवली, ती एकदम थांबवायची नसते. सहाव्या आठवड्यात आत्या नातवाच्या एका विनोदावर हसली. वहिनींनी मला फोन करून एवढेच सांगितले आणि त्यांना पुढे बोलवेना. पाचव्या महिन्यात वहीतले अक्षर जुन्या मापाला आले.

सगळे परत आले नाही. टीव्ही पाहताना तिच्या डाव्या हाताचा अंगठा अजून कधीकधी हलतो. डॉक्टर म्हणतात की खरा आजार हळूच सुरू होत असेलही, नसेलही. दर सहा महिन्यांनी तपासायचे, असे ठरले आहे. आम्हाला निश्चित उत्तर मिळालेले नाही, आणि या विषयात प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा असेच असते.

हे वाचून कुणी आपले औषध आपल्या मनाने बंद करू नये, मनोविकाराचे तर मुळीच नाही. ते अचानक थांबवल्याने मूळ आजार उसळतो आणि त्यात माणसे दगावली आहेत. करायचे ते इतकेच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची औषधांची पिशवी वर्षातून दोनदा टेबलावर ओतावी. प्रत्येक गोळी कधीपासून आणि कशासाठी, हे लिहून काढावे. ज्या गोळीपुढे 'कशासाठी' रिकामे राहील ती घेऊन डॉक्टरांना विचारावे. चिठ्ठीवरचे दिवस संपले की दुकानातून नवी पट्टी आणू नये. हे मी त्याच धंद्यात पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो आहे. दुष्परिणामाचा संशय आला तर कळवण्यासाठी २०१० पासून आपल्या देशात औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे, विनाशुल्क फोन १८००-१८०-३०२४, आणि सामान्य माणसाने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. आत्याचा अर्ज मी भरला. अर्जावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख विचारलेली असते. ती मी वहीत बघून लिहिली.